डावा पीळ

भाड्याचे घर पाहायला गेल्यावर बहुतेक बायका नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतात, ओट्याची उंची पाहतात, वाळत घालायला गच्ची मिळेल का याची चौकशी करतात. प्रणोती म्हेत्रे वायरी पाहत असे. बटणांचा बोर्ड कुठे आहे, तिथून फ्रिजपर्यंत आणि टीव्हीपर्यंत वायर कशी जाईल, आणि जाताना ती उभ्या माणसाच्या हाताला लागेल का, एवढेच तिला जाणून घ्यायचे असे.

कारण तिचा धाकटा भाऊ धैर्यशील वायरीने मारत असे. टीव्हीची वायर बारीक. तिचे वळ लाल उठत आणि काही दिवसांत विरत. इस्त्रीच्या वायरीवर कापडाचे वेष्टन असते; ती कातडी सोलून काढी. मोबाइलच्या चार्जरच्या टोकाला लोखंडी जीभ असते. प्रणोतीच्या उजव्या भुवईतून आरपार गेलेली खूण त्या जिभेची होती.

इचलकरंजीतले माग आता अंधारात चालत. शेडमध्ये माणूसच नाही, तर दिवे कशाला? धैर्यशील पूर्वी अशाच एका शेडमध्ये जॉबर होता, बिघडलेला माग दुरुस्त करणारा कुशल हात म्हणून त्याला मान होता. मागांनी स्वतःची दुरुस्ती स्वतः करायला सुरुवात केल्यावर तो हात रिकामा झाला. प्रणोती सूत दुपट करून पीळ देणाऱ्या कारखान्यात बारा वर्षे होती. तो कारखानाही बंद पडला, पण तिने मोठी वाफेची प्रेस घेऊन घरीच तयार कपड्यांच्या इस्त्रीचे काम सुरू केले. घर तिच्यावर चाले. धैर्यशीलला तेच सहन होत नसे.

"रागाने वाईट आहे तो, मनाने नाही," आई म्हणायची आणि मुलगी मार खात असली की टीव्हीचा आवाज वाढवायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. घर सोडून जावे, असे प्रणोतीला अनेकदा वाटले. पण आई मुलाला सोडून येणार नव्हती, आणि प्रणोती गेल्यावर त्या हातासमोर आईच उरणार होती.

आधीची दोन घरे धैर्यशीलने भिंतीतून वायरी उपटल्यामुळे गेली होती. तिसरे घर मगदूम अण्णांचे. अण्णा खाली राहत, वरचा मजला भाड्याने देत.

"खिळा नाही, ड्रिल नाही, चिकटपट्टीसुद्धा नाही," किल्ली हातात ठेवण्यापूर्वी अण्णांनी बजावले. "रंग नवा आहे. भिंत माझी, मधली हवा तेवढी तुमची."

"आणि वायरी, अण्णा? त्या लोंबत ठेवायच्या?"

"हवेत काय वाट्टेल ते कर की, पोरी. भिंतीला हात लावायचा नाही."

त्याच आठवड्यात प्रणोतीने घरभर वेलवायर आणली.

वेलवायर तेव्हा नुकतीच भाडेकरूंच्या घरांत दिसू लागली होती. तिचे तत्त्व साधे आहे. नायलॉनचा दोरा घ्यावा, एक टोक बांधून दुसऱ्याला पीळ देत राहावे. एका मर्यादेनंतर दोरा स्वतःवरच वळ्या घेऊ लागतो आणि त्याची स्प्रिंग होते. या स्प्रिंगला ऊब दिली की दोऱ्यातला पीळ उलगडू पाहतो. परंतु वळ्यांत अडकल्यामुळे तो उलगडू शकत नाही, म्हणून वळ्यांनाच एकमेकींकडे खेचतो. दोरा आखडतो. थंड झाला की पुन्हा लांबतो. ज्याला आपण स्नायू म्हणतो त्याचेच हे काम, आणि सारख्या वजनाच्या स्नायूपेक्षा असा दोरा कितीतरी अधिक ओझे उचलतो.

वेलवायरीत तांब्याच्या तारेभोवती अशा दोऱ्यांचे वेष्टन असे, बाहेरून पोलादी जाळी, आणि खालच्या बाजूला पालीच्या पायांसारखे सूक्ष्म केस. वाहत्या विजेची ऊब दोऱ्यांना मिळे. एक भाग आखडे, पुढचा सैल होई, आणि वायर अळीसारखी भिंतीवरून सरकत जाई. उजेड टाळायचा, सावली शोधायची, एवढे तिच्या टोकातल्या चिमुकल्या मेंदूला शिकवलेले होते. दुपारी वायर जमिनीवर सोडावी, संध्याकाळपर्यंत ती कपाटामागे, भिंतीच्या तळपट्टीच्या कडेने, चौकटीच्या खाचेत अशी जाऊन बसे की शोधूनही सापडू नये. कोणी ओढली तर आणखी घट्ट धरून राही, म्हणजे कोणी पाय अडकून पडू नये. सोबतच्या पत्रकात ठळक अक्षरांत सूचना होती: काही अडकल्यास मेन स्विच बंद करावा, वायर आपोआप सैल पडेल. टीव्हीवरही या सूचनेची जाहिरात दिवसातून कितीदा तरी लागे. लहान मुलांनाही ती पाठ झाली होती.

वेलवायर आल्यानंतर पहिल्यांदा धैर्यशीलला राग चढला तेव्हा तो घरभर फिरला. टीव्हीमागे हात घातला, फ्रिजमागे घातला, गादी उलटली.

"एक वायर सापडत नाही? घर आहे का देऊळ?"

"जेवून घे," प्रणोती म्हणाली.

त्याने तिला हातानेच मारले. कानशिलात बसली, दुसरी तोंडावर. तिसरी मारताना त्याची बोटे तिच्या दातांवर आपटली आणि तो हात झटकत थांबला. प्रणोती रक्त थुंकून आरशासमोर उभी राहिली. पाठीवर एकही वळ नव्हता. वायर हाती लागली की तो दमेपर्यंत थांबत नसे. आज तो दुखले म्हणून थांबला होता. एवढा फरक तिला पुरेसा वाटला.

एकच वायर तिला सतावत होती. दाराजवळच्या बोर्डापासून तिच्या प्रेसच्या टेबलापर्यंत जाणारी, सर्वांत जाड आणि गरजेपेक्षा बरीच लांब. उरलेल्या लांबीचे वेटोळे कपाटामागे मावेना. ते फुगे, त्याच्या गाठी पडत, आणि सकाळी एखादा फास बाहेर डोकावताना दिसे. हाताला येईल असा.

पीळ देणाऱ्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला त्यात नवल नव्हते. सुताला उजवा पीळ असेल तर दुपट करताना डावा द्यायचा. दोन्ही पीळ एकमेकांना तोलून धरतात, सूत शांत पडते, गाठ मारत नाही. एकाच दिशेने पीळ चढवला तर सूत चवताळते. नंतर वाफ द्यायची, म्हणजे पीळ कायमचा बसतो. हे तिच्या मेंदूत नव्हे, बोटांत होते. एके दुपारी तिने वायरीची उरलेली लांबी पडद्याच्या नळीवर डावीकडून गुंडाळली, वरून प्रेसची वाफ सोडली, निवू दिली आणि नळी काढून घेतली. वेटोळे आज्ञाधारक मुलासारखे कपाटामागे जाऊन निजले.

जे सुताला लागू पडते ते या दोऱ्यांना पडत नाही. दोऱ्याचा पीळ उजवा आणि वळ्या डाव्या असल्या, तर त्याचे वागणे नेमके उलटे होते. ऊब मिळाली की वळ्या दूर सरतात, दोरा लांबतो. थंड झाला की आखडतो. सूत दुपट करण्याची सवय नसलेल्या माणसाने ही चूक केलीच नसती.

प्रणोतीच्या ते लवकरच लक्षात आले. प्रेस चालू असली की कपाटामागचे वेटोळे सैल पडे. काम आटोपून ती बटण बंद करी, आणि थोड्याच वेळात वेटोळे आवळू लागे. एकदा त्यात स्टुलाचा पाय सापडला होता. प्रेस बंद होताच लाकडी पाय करकरला आणि मोडला. ती मोडका पाय हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. वायर बदलायला हवी, असे तिने ठरवले. पण सणाचे कपडे आले, काम वाढले, आणि वायर राहून गेली.

त्या महिन्यात धैर्यशीलने पहिल्यांदा आईवर हात टाकला. भाजी खारट झाली म्हणून. आई गालाला हात लावून प्रणोतीला म्हणाली, "माझंच चुकलं गं. दोनदा मीठ पडलं."

रागाचा स्फोट झाला तो एका भर दुपारी. धैर्यशीलला भिवंडीच्या एका मोठ्या शेडमधून बोलावणे येणार होते. माणसाच्या हाताचे काही काम तिथे अजून शिल्लक होते म्हणे. सकाळपासून तो फोनकडे बघत होता. जेवून त्याचा डोळा लागला. फोन चार्जरला लावलेला. वेलवायरीने आपल्या स्वभावाप्रमाणे चार्जर सावलीत ओढला, त्याच्याबरोबर फोनही कपाटाखाली गेला आणि पिन निसटली. तो जागा होऊन फोन शोधेपर्यंत फोन मेलेला होता. पुन्हा सुरू केला तेव्हा पडद्यावर उत्तर न दिलेले फोन दिसले, आणि शेवटी निरोप: जागा भरली आहे.

प्रणोती प्रेसवर होती. तिला तो येताना दिसला नाही. पहिला ठोसा मानेमागे बसला, ती टेबलावर आदळली. केसांना धरून त्याने तिला मागे ओढले आणि जमिनीवर आपटले. गुडघा छातीवर रोवून तो मारू लागला. तिचा खालचा ओठ फाटला, एक दात सुटून घशाकडे गेला. तिने तो खोकून बाहेर काढला.

"वायरी लपवतीस? माझ्यापासून? आज बघतो कुठं लपत्यात."

"धैर्या, सोड तिला," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. टीव्हीचा रिमोट तिच्या हातात होता.

त्याने तिला सोडले आणि कपाट धरले. दोन्ही हातांनी पुढे ओढून आडवे केले. आरसा फुटला, भांडी गडगडत गेली. मागे वेटोळे होते. प्रेस चालू असल्यामुळे ऊबदार, ढिले, गळून पडलेले. त्याला आनंदाने हसू फुटले. त्याने वायर उचलली, एक फास मनगटाला गुंडाळला आणि हिसका दिला. वायर भिंतीला चिकटून राहिली. आणखी जोर दिला. तिने आणखी घट्ट धरले. तेव्हा त्याने ओझे ओढणाऱ्या माणसासारखे वेढे मानेवरून खांद्यावर घेतले, पाय रोवले आणि सगळा भार घालून पुढे झुकला.

टेबल कलंडले. प्रेस जमिनीवर आडवी पडली. आडवी पडली की ती आपोआप बंद होते, तशी झाली. तिचा लाल दिवा विझला.

वायर निवू लागली.

आधी त्याला कळलेच नाही. तो ओढतच होता. मग मानेवरचा वेढा गळ्यापाशी आला. त्याने हात वर नेला, पण मनगट वायरीत गुंडाळलेले. हात हनुवटीखाली खेचला गेला आणि तिथेच अडकला. दुसऱ्या हाताची बोटे तो गळ्यात खुपसू लागला. नखांनी स्वतःची कातडी फाडली. तो गुडघ्यांवर आला. तोंडातून "अक्का" असा काहीसा आवाज निघाला, आणि नंतर आवाजही नाही.

"मेन!" आई किंचाळली. "प्रणू, मेन बंद कर!"

प्रणोती हलली नाही. आई स्वतःच दाराकडे धावली. मेन स्विच दाराशेजारी, पेटीत.

प्रणोतीला काही करायचेच नव्हते. नुसते पडून राहायचे होते. आई मेन पाडील, वायर पुरती थंड होईल आणि सगळे संपेल. कोणी तिला बोल लावणार नाही. पत्रकातही तेच लिहिलेले होते. एक श्वास ती तशीच राहिली. तो श्वास तिने पूर्ण घेतला, आणि आईचा हात पेटीच्या झाकणापाशी पोहोचलेला तिला दिसला. धैर्यशीलचे मरण त्या हातून व्हायचे होते.

ती उठली. आईला पदर धरून मागे खेचले, आई वळून ओरबाडू लागली तेव्हा खांद्याने धक्का देऊन खाली पाडले. मग प्रेस उभी केली आणि बटण पुरे फिरवले. लाल दिवा लागला. तेवढ्याने भागणार नव्हते. जितकी वीज खेचली जाईल तितकी वायर तापणार. तिने त्याच वायरीच्या टेबलाकडच्या खोबणीत साधी इस्त्री खुपसली, बादलीतली पाणी तापवायची कॉइल खुपसली. कात्री टेबलाशीच पडली होती, पण तिचा उपयोग नव्हता. पोलादी जाळी कापली गेली नसती, आणि गेली असती तर वीज तुटून फास आवळलाच असता.

"अगं, तापवालीस काय! आवळतंय ते!" आई रांगत आली आणि तिच्या पायांना झोंबली. "मारालीस त्याला! माझ्या पोराला मारालीस!"

"आई, हो बाजूला."

आईने पिंडरीत दात रोवले. प्रणोतीने लाथ मारली. आपल्या आईच्या छातीवर लाथ मारल्याचे तिला नंतर आठवले. त्या क्षणी फक्त पाय सुटल्याचे कळले.

बाहेर जिन्यावर पावले वाजली. कडी आतून होती. मगदूम अण्णांनी दार ठोठावले.

"काय चाललंय? म्हेत्रेवहिनी!"

"अण्णा, मेन बंद करा! खालचं मेन!" आई ओरडली. "ही मारालीया त्याला!"

मीटर खाली, अण्णांच्या ओसरीत होता. पावले वळल्याचे प्रणोतीने ऐकले. फाटक्या ओठाने, जिवाच्या आकांताने ती ओरडली, "अण्णा! खाली हात लावला तर पोरगा मेला! सांगून ठेवते!"

पावले थांबली. जिन्यावर जमलेल्या सगळ्यांनी ते ऐकले.

वायर तापली. धैर्यशीलच्या गळ्याची कातडी करपल्याचा वास खोलीत पसरला. त्याचे डोळे उघडे होते आणि बहिणीकडे लागले होते. तिच्या एका हातात प्रेसची मूठ, तोंडातून रक्ताची लाळ, पाठीमागे जळणारे लाल दिवे. मग वेढ्याने अंग सोडले. आधी एक वळी, मग दुसरी. प्रणोतीने बोटे भाजून घेत वायर त्याच्या डोक्यावरून काढली, मनगट सोडवले आणि त्याला पालथा केला. तो ओकला. मग फाटक्या भात्यासारखा श्वास आत गेला.

इस्पितळात सगळ्यांनी एकच सांगितले, वायर अडकली. अण्णांनीही तेच सांगितले. परत आल्यावर त्यांनी वरची खोली नीट निरखली आणि जाताना प्रणोतीला हळूच म्हणाले, "पोरी, मी काही बघितलं नाही. भिंतीला ओरखडा नाही, तेवढं बघितलं."

धैर्यशीलचा आवाज पुन्हा आला नाही. घशातून वाळूवर चालल्यासारखी कुजबुज येई. गळ्याभोवती काळा वळसा राहिला. प्रणोतीने वायर बदलली, पण त्याला ते खरे वाटत नसे. ती उभी असली की तो भिंतीपासून दूर बसे. पाणी हवे तर विचारे, "अक्का, घेऊ?" आईशी तो हळू बोले. भाजी खारट झाली तरी जेवून उठे. गल्लीत बायका प्रणोतीला वाट देत. घरात कोणी कोणाला मारत नव्हते.

फक्त आई तिच्याशी बोलत नव्हती.

एकदा प्रणोती दोरा घेऊन आईसमोर बसली. उजवा पीळ, डावी वळी, हे बोटांवर दाखवायला. आईने पाहिलेच नाही. "मी डोळ्यांनी बघितलंय," एवढेच म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

पावसाळा सरला तशी एके दिवशी दुपारी आई गॅसपाशी भाकऱ्या थापत होती. प्रणोती ताट घेऊन बसली. आईने तव्यावरची भाकरी उचलली, तिच्या ताटाकडे हात नेला आणि मध्येच थांबली.

"एकच विचारते," ती म्हणाली. "खरं सांग. पुन्हा नाही विचारणार. तू त्याला मारणार होतीस?"

प्रणोतीने वर पाहिले. आईचा चेहरा उत्तराच्या एका बाजूला इतका झुकलेला होता की एक शब्द पुरला असता. आता ती ऐकणार होती. दोरा, पीळ, ऊब, सगळे. सांगून झाल्यावर कदाचित तिने मुलीला जवळही घेतले असते.

आईच्या मागे माजघराचा पडदा होता. तो जमिनीला टेकत नसे. खालच्या फटीत धैर्यशीलची दोन पावले दिसत होती, बोटे आवळलेली. तोही ऐकत होता. आपल्याला वाचवायला हिने आईला लाथ मारली, हे एकदा त्याला कळले की त्याचे हात पुन्हा मोकळे होणार होते.

"हो, आई," प्रणोती म्हणाली. आवाज पडद्यापलीकडे जाईल इतका मोठा काढला. "मारणारच होते. पुन्हा हात उचलला, तर पुरा मारीन."

आणि त्या एका श्वासापुरते ते खरेही होते.

पडद्याखालची पावले मागे सरली. आईने हातातली भाकरी तिच्या ताटात वाढली नाही; टोपलीत ठेवली, वर फडके झाकले आणि पाठ फिरवून दुसरी थापायला घेतली. प्रणोती उठली. फडके बाजूला केले, भाकरी स्वतःच्या हाताने घेतली, आणि बसून जेवू लागली.